बरं झाल्याचा कागद

कोपर स्टेशन दुमजली आहे. खाली लोकल, वर दिवा-वसईची गाडी. आमची मावशी भिवंडीच्या गोदामात माल बांधते, म्हणून रोज सकाळी तिला वर चढावं लागतं. पूर्वी एका दमात चढायची. आता तीनदा बसते. गाडी चुकली की खाडा, खाडा पडला की रोज बुडाला.

२०२१ च्या एप्रिलात तिला करोना झाला. चौदा दिवसांनी 'बरी' असा कागद मिळाला. सरकारी हिशोबात ती तिथंच संपली. मेलेल्यांत नाही, आजाऱ्यांतही नाही. पण धाप राहिली. थकवा राहिला. माल मोजता मोजता आकडा विसरते. डॉक्टर म्हणाला, मनाचं आहे बाई. ठेकेदार म्हणाला, तुम्हा लोकांना बसून खायची सवयच.

मनाचं? ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ह्याच दुखण्याची व्याख्या केली. लागण झाल्यावर तीन महिन्यांनीही असणारी, निदान दोन महिने टिकणारी, दुसऱ्या कारणानं न उलगडणारी लक्षणं: थकवा, धाप, विसराळूपणा. ही व्याख्या मावशीपर्यंत कोण आणणार होतं?

ताप जातो आणि दुखणं राहतं, हे आपल्याला नवं नाही. १९७३ ला बार्शीत चिकुनगुन्या आला, २००६ ला पुन्हा महाराष्ट्रात पसरला. ताप आठवड्यात उतरला, सांधे महिनोन्‌महिने धरून राहिले. मोडलेल्या बोटांनी आपली माणसं खुरपत राहिली, झाडत राहिली.

मित्रांनो, विषाणू जात विचारत नाही म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे मुंबई शहराचे आकडे बघा. हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना 'खालच्या जातीचे' म्हणून मोजलं त्यांच्यात ६१.६. मेलेले निदान मोजले तरी. जगून खंगले त्यांना रकानाच नव्हता.

ह्या दुखण्यावर रामबाण औषध अजून नाही. झेपेल तेवढंच काम करा, विश्रांती घ्या, असं सांगतात. विश्रांती! ती कुठल्या दुकानात मिळते? ज्याला भरपगारी रजा आहे तो बरा होतो. ज्याला नाही तो फक्त कामावर परत जातो. ह्या देशात सवडसुद्धा जातीनं वाटलेली आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. पुढे आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळू लागला. ही भीक नव्हे, हक्क आहे. मावशीचं नाव मात्र ठेकेदारानं विम्यात घातलेलंच नाही. आणि धुणीभांडी करणाऱ्या बाया तर त्या कायद्याच्या दारातही उभ्या नाहीत.

आणि आपण? चौदा एप्रिलला बॅनर बांधतो, सहा डिसेंबरला दादरला जातो. जायलाच पाहिजे. पण शेजारची बाई जिन्यावर का बसते, हे कधी विचारलं? एक वही घ्या. गल्लीगल्लीत जा. कोण कधी आजारी पडलं, काय राहिलं, किती रोज बुडाले, ठेकेदार कोण, विम्यात नाव आहे की नाही, सगळं लिहा. मग ती वही घेऊन दारात बसा: ठेकेदाराच्या, विमा कचेरीच्या, पालिकेच्या दवाखान्याच्या.

त्यांनी आपल्याला बरं झाल्याचा कागद दिला. आता आपण त्यांना आजारी असल्याचा कागद देऊ.

जयभीम.