शब्बाथाची छत्री आणि आपला रविवार

'परूशी' हा शब्द आपण किती सहजपणे शिवीसारखा वापरतो! नियमावर बोट ठेवणारा समितीसदस्य असो की पावतीवाचून पैसे न देणारा खजिनदार, त्याच्या माथी हा शिक्का बसतोच. मग ठरलेले उदाहरण येते : यहुदी माणूस शनिवारी पावसात भिजेल, पण छत्री उघडणार नाही, याला काय धर्म म्हणावे? हशा पिकतो आणि विषय संपतो. या हशामागे अज्ञान आहे. त्याची किंमत यहुद्यांनी शतकानुशतके मोजली. आता आपणही मोजू लागलो आहोत.

छत्री का उघडायची नाही? मिश्ना या ग्रंथात शब्बाथाला वर्ज्य अशी 39 कामे सांगितली आहेत. बांधणे हे त्यांतील एक, पाडणे हे दुसरे. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या उभारणीला लागूनच शब्बाथाची आज्ञा येते. त्यावरून रब्बींनी ठरविले, की मंडपासाठी जी जी कामे लागली, ती ती त्या दिवशी थांबली पाहिजेत. तंबू ठोकणे हे बांधकामच. आणि डोक्यावर छत ताणणारी छत्री बहुतेक सनातनी पंडितांनी तंबूच्या जातीची मानली. चीज करणेसुद्धा बांधण्यात मोडते. बाराव्या शतकातील मायमोनिडीसने त्याचे कारण दिले आहे : सुटे कण गोळा करून त्यांचा एक पिंड करणे बांधण्यासारखेच आहे.

यात हसण्यासारखे काय आहे? ज्या दिवशी प्रत्यक्ष देवाचे घर बांधण्याचे कामही थांबवायचे, त्या दिवशी माणसाच्या बंगल्याची काय मातब्बरी! सहा दिवस सृष्टीवर हात चालविणाऱ्या माणसाने सातव्या दिवशी हात आवरून कबूल करायचे, की जग माझ्यावाचूनही उभे आहे. आमच्याकडे मात्र गवंड्याला रविवारीच बोलावतात, कारण त्या दिवशी घरधनी देखरेखीला मोकळा असतो. सकाळी मिस्सा आणि दुपारी स्लॅब! रविवारचे पावित्र्य आठवून देणारे पत्र संत पोप जॉन पॉल दुसरे यांना 1998 साली का लिहावे लागले, हे निराळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, 'प्रभूने शब्बाथालाच रोगी बरे केले ना?' केले. पण जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडलाच पाहिजे, हे यहुदी धर्मशास्त्रही निःसंदिग्धपणे सांगते. शब्बाथ माणसाच्या हाती सोपविला आहे, माणूस शब्बाथाच्या हाती नव्हे, या आशयाचे वचन तालमूदमध्ये आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायाशी त्याचे नाते ज्याचे त्याने ताडून पाहावे. नियमाची मर्यादा कोठे, हा वाद होता. नियम फेकून द्यावा, असा तो वाद नव्हता.

जेवणाचेही तसेच. यहुदी माणूस स्तुतिवचन म्हटल्यावाचून घास तोंडात घालत नाही. झाडाच्या फळाला एक वचन, भुईतून येणाऱ्या भाजीला दुसरे, द्राक्षारसाला तिसरे, रोटीला चौथे. पाणी, दूध, मासळीला आणखी एक. केळे खाताना झाडाचे नव्हे, भुईचे वचन म्हणायचे, कारण एकदा घड दिला की केळीचा तो सोट संपतो. केळीच्या बागेत वाढलेल्या आम्हा वसईकरांना ही गोष्ट पाठ आहे. पण केळे सोलताना तिच्या निर्मात्याची आठवण आम्हांपैकी कितीजणांना होते? स्तुतीवाचून अन्न चाखणे म्हणजे देवाच्या मालकीच्या वस्तूचा अपहार, इतक्या कठोर शब्दांत तालमूदने बजावले आहे. आम्ही लग्नाच्या पंगतीत प्रार्थना उरकतो, आणि घरी दूरदर्शनसमोर तीही नाही.

येशूने भाकरी हाती घेऊन स्तुती केली, ती याच परंपरेत वाढलेल्या यहुदी पुत्राने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्सात भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू विश्वनिर्मात्याची जी स्तुती करतात, तिची घडण त्याच यहुदी स्तुतिवचनांची आहे. दर रविवारी ती ऐकून तिच्या सुरात सूर मिसळणाऱ्यांनी घरी येऊन तिच्या जन्मदात्यांना हसावे काय? याच परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी यहुद्यांशी असलेले आपले आध्यात्मिक नाते जगापुढे मान्य केले.

आणि ही माणसे दूरची नाहीत. कोकणातील बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ना त्यांच्यापाशी सत्ता, ना मोठी संख्या. शनिवारचे उत्पन्न बुडे, तरी घाणा थांबे. त्या बंद घाण्यावरून शेजाऱ्यांनी त्यांचा धर्म ओळखला. आमचा रविवार पाहून आमचा धर्म कोणी ओळखील काय?

तेव्हा 'परूशी' म्हणण्यापूर्वी निदान एवढे करू : येत्या रविवारी गवंड्याला सुट्टी देऊ, आणि जेवायला बसताना मुलाबाळांसह देवाचे आभार मानू. दोन्ही गोष्टींना खर्च नाही. पुढच्या हशापूर्वी त्या जमतात का, ते पाहू.