झाडांना वळसा घालणारी भिंत
न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या खोऱ्यात, १९६० साली सुरू झालेलं स्टॉर्म किंग हे सुमारे ५०० एकरांचं शिल्पोद्यान पाहावं ते ऑक्टोबरमध्येच. मेपल-ओकची पानं तांबूस-केशरी झाली की मार्क डी सुवेरोची पोलादी तुळयांची अवाढव्य शिल्पं कुरणात एकदम उठून दिसतात. पण मला खिळवून ठेवलं ते अँडी गोल्डस्वर्दीच्या दगडी भिंतीनं. इथं पूर्वी शेतं होती आणि एक पडकी बांधभिंत उरली होती. तिच्या खुणेवरून १९९७-९८मध्ये ब्रिटनमधून आलेल्या गवंड्यांनी चुना-सिमेंट न वापरता, नुसता दगडावर दगड बसवत नवी भिंत रचली. एकूण २,२७८ फूट. ती झाडांच्या बुंध्यांना वळसे घालत उतारानं तळ्यात शिरते, पलीकडून बाहेर येते आणि मग सरळ चढण चढते. शिल्पकारानं झाडाला वाट करून द्यावी, ही नम्रता मला फार मोठी वाटते. पानगळीत भिंतीच्या फटींत पानं अडकतात, दगडांचा राखाडी रंग आणखी खुलतो. पांढऱ्या भिंतींच्या कलादालनात हे कधीच घडणार नाही. तिथून माया लिननं खडीच्या जुन्या खाणीवर उभ्या केलेल्या माती-गवताच्या लाटांकडेही जरूर जावं, आणि घाई न करता.