पांढरी एक, चार मात्रा

म्यूझस्कोअर हे स्वरलेखनाचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पण नवं पान उघडा, आपण काही ठरवण्याआधीच त्यानं ठरवलेलं असतं : षड्ज पांढरी एक, ताल चार मात्रांचा, लय मिनिटाला १२०. शेगाव-खामगावकडच्या भजनी मंडळाचा पेटीवाला काळी दोन धरून बसतो आणि झपताल दहा मात्रांचा असतो, हे सॉफ्टवेअरच्या गावीही नसतं.

तेव्हा एकदाच बसून साचा करावा. पट्टी आपली, दहा मात्रांची विभागणी २-३-२-३, स्वरांखाली गीताच्या ओळीत देवनागरी सा-रे-ग. मग तो टेम्प्लेट म्हणून जपून ठेवावा. दर वेळी नव्यानं मांडामांड नको. भातखंड्यांच्या स्वरलिपीतल्या खुणा मात्र थोड्या हट्टी : कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य. त्या मजकूर म्हणून हातानंच बसवाव्या लागतात. पलुसकरांची पद्धत तर आणखी निराळी.

मींड कुठल्याच साच्यात पुरती उतरत नाही, ती कागदावरही उतरत नव्हती. पण पंढरीच्या वाटेवरच्या चाली नव्या पोरांच्या हाती द्यायच्या, तर पट्टी आणि मात्रा तरी आपल्याच हव्यात.