साक्षीदाराला बोलावता, पण भेटत नाही

प्रति,
मा. संचालक,
अभियोग संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई



कोणत्याही मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळी अकरा वाजता उभं राहून पाहा. समन्सची घडी हातात धरून एखादा रिक्षावाला, पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई, सोसायटीचा वॉचमन ताटकळत असतात. आपल्या बाजूचा वकील कोण, हे त्यांना ठाऊक नसतं. काळा कोट दिसला की ते विचारतात. कधी तो आरोपीचाच वकील निघतो. मग पैरवी अधिकारी, म्हणजे पुन्हा पोलीसच, त्यांना हुडकून आत नेतो. तिथे तुमचे सहायक सरकारी अभियोक्ता फायलींच्या गठ्ठ्यातून मान वर काढून म्हणतात, "जबाबात दिलंय तेच सांगा." जबाब देऊन वर्षं लोटलेली असतात. तेवढ्यात पुकारा होतो. नागरिकाची आणि सरकारी वकिलाची भेट बहुतेक वेळा एवढ्यावरच आटोपते.

ही भेट कोर्टाबाहेर, तारखेच्या आधी आणि आमच्या वस्तीत व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

कायद्याने वाट मोकळी करून दिली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अभियोग संचालनालयाची तरतूद आहे. दहा वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेचे खटले तुमच्या देखरेखीखाली, सात ते दहा वर्षांचे उपसंचालकांच्या, त्याखालचे सहायक संचालकांच्या. शहरातल्या माणसाची रोजची भीती या शेवटच्या खणात आहे. मोबाईलची चोरी, रस्त्यातली हाणामारी, विनयभंग. मंगळसूत्र हिसकावून पळणं हा प्रकार नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कागदावर हलका गुन्हा. पण ज्या बाईच्या गळ्याला हिसका बसला तिचं संध्याकाळचं फिरणं कायमचं बंद होतं.

पोलिसांशी आमची थोडीफार ओळख आहे. 2 जानेवारीच्या रेझिंग डेला शाळकरी पोरं पोलीस ठाण्यात जाऊन बंदुका बघून येतात. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांमुळे 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना ते गाव शांत राहिलं, ही गोष्ट आजही सांगितली जाते. तुमच्या खात्याचा माणूस मात्र आमच्या भागात कधी कुणी पाहिलेला नाही. त्यात आश्चर्यही नाही म्हणा. मॅजिस्ट्रेट कोर्टातले सरकारी वकील पूर्वी पोलीस खात्याच्या हाताखालीच होते. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याला बजावलं, की त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून काढा आणि स्वतंत्र विभाग करा. विभाग झाला. पण साक्षीदार आजही पोलिसाचाच हात धरून तुमच्यापर्यंत येतो.

साक्षीदार फितूर झाला म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात साक्षीदार एकामागून एक फिरले आणि 2003 साली वडोदऱ्यात सगळे 21 आरोपी सुटले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितला, तेव्हा सरकारी वकिलाच्या वागण्यावरही कडक ताशेरे ओढले. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. आपला राज्याचा कायदा तर 2017 चा. हे सगळं जिवावर बेतलेल्यांसाठी आहे आणि हवंच. पण किरकोळ खटल्यातला साक्षीदार कुणाच्या बंदुकीला घाबरून गळत नाही. तो तारखांनी गळतो. दोनदा जाऊन परत आला, दोनदा रोज बुडाला, आरोपीची आई त्याच नळावर पाणी भरते, ती एकदा रडली, आणि तिसऱ्या तारखेला "मला काही आठवत नाही" असं तो सांगून मोकळा होतो. साक्षीदाराला वाजवी खर्च देण्याची तरतूद कायद्यात आहे, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आधी भेटा. तुमच्या अभियोक्त्यांची अडचण मला समजते. साक्षीदाराला आधी भेटलं की बचावाचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न हाच टाकणार: "तुम्हाला सरकारी वकिलांनी पढवलं ना?" तर मग खटल्याबद्दल अवाक्षर बोलू नका. वीस-पंचवीस माणसं एकत्र बसवा, ज्यांना समन्स आलंय ती आणि ज्यांना कधीच येणार नाही तीसुद्धा, आणि त्यांना कोर्ट समजावून सांगा. न्यायाधीश कुठे बसतात, पिंजरा कुठे असतो. सरतपास कोण घेतो, उलटतपास कोण, आणि उलटतपासातला चढा आवाज म्हणजे आपला अपमान नसतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येतं. आठवत नसेल तर खरोखरच "आठवत नाही" म्हणावं, अंदाजाने रंग भरू नये. पंचनाम्यावर सही करताना तो वाचून घ्यायचा, कारण पुढे त्या सहीला जबाबदार आपणच असतो. यात पढवणं कुठे आलं? उलट खोटा साक्षीदारही यातून थोडा बिचकेल, आणि तुम्हाला तेही हवं असणार. सरकारी वकिलाने शिक्षेसाठी हपापलेलं नसावं, असं सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार विरुद्ध हुकमचंद प्रकरणात 1999 मध्येच सांगितलं आहे.

दुसरा विषय मुद्देमालाचा. माझ्या मते लोकांचा कायद्यावरचा विश्वास शिक्षेपेक्षा इथे जास्त बसतो किंवा उडतो. चोरीची साखळी सापडते, चोर पकडला जातो, आणि साखळी पाकिटात सीलबंद होऊन पडून राहते. सुंदरभाई देसाई प्रकरणात 2002 सालीच सर्वोच्च न्यायालयाने वस्तू लवकर परत करायला सांगितलं होतं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये मुदतीच घातल्या आहेत: वस्तू कोर्टापुढे आली की चौदा दिवसांत तिचं वर्णन आणि फोटो, त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. तपासाची प्रगती पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायची, हेही आता कलम 193 मध्ये आहे. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून देऊन, वस्तू मिळवायला अर्ज कसा करायचा, हे तुमच्या माणसाने एकदा वस्तीत सांगितलं तर लोक दलालाकडे जाणार नाहीत.

असं काम दुसरीकडे झालेलं आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलँडमध्ये 1990 साली तिथले मुख्य सरकारी वकील मायकल श्रंक यांनी लॉइड या बाजारपेठेच्या भागासाठी एक वकील खास नेमला. लोकांच्या तक्रारी मोठ्या गुन्ह्यांपेक्षा गाड्या फोडणं आणि उघड्यावरची दारू यांच्याच जास्त होत्या, आणि त्या सोडवायला प्रत्येक वेळी खटला लागतोच असं नाही, हे वकिलाला तिथे बसल्यावर उमगलं. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी पुढे ही पद्धत उचलली. पण त्या पहिल्या वकिलाच्या खर्चात तिथल्या व्यापाऱ्यांचा हात होता, आणि त्या भागातून हटवले गेलेल्यांत उघड्यावर राहणारे बेघर होते. आपल्याकडे असा पैसा आला तर पहिली कुऱ्हाड फेरीवाल्यावर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा ना बिल्डरची वर्गणी, ना नगरसेवकाचा फ्लेक्स. बैठक पोलीस ठाण्याच्या हॉलमध्येही नको. शहाणे निकालाने तुम्हाला जे अंतर मिळवून दिलंय, ते लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं. आणि पीडितांसोबत फोटो तर अजिबात नको.

एका अपेक्षेला पैसाही लागत नाही. समन्सवर कोर्टाचं नाव असतं, खटला क्रमांक असतो, तारीख असते. त्याला एक चिठ्ठी जोडा: सरकारी वकील कोण, त्यांच्या कार्यालयाचा फोन कोणता, तारीख लागणार नसेल तर आदल्या दिवशी कुठे विचारायचं.

आणि पहिली बैठक शनिवारी संध्याकाळी सातनंतर ठेवा, त्याआधी आमच्याकडची निम्मी माणसं कामावरून परतलेली नसतात. वाचनालयाची खोली मिळेल, खुर्च्याही आहेत. माईकची गरज पडणार नाही.

आपला,
एक नागरिक