घुम्या मुलगा आणि डोपामीन

तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. मधल्या सुट्टीत सगळे डबे एकत्र करून बसतात, तेव्हा हा आपला डबा घेऊन खिडकीपाशी जातो. सहलीची वर्गणी गोळा होऊ लागली की याच्या घरी काहीतरी काम निघते. कुणाशी भांडण नाही, कुणाची भीती नाही. माणसांत मिसळण्याची ओढच नाही. आपण त्याला घुम्या, माणूसघाणा अशी नावे ठेवून मोकळे होतो. अलीकडे या नावांत एका शास्त्रीय नावाची भर पडली आहे : "त्याचं डोपामीन कमी आहे!" हे वाक्य मी वरणगावच्या बस स्टँडवरही ऐकले आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो. मेंदू हा माझा विषय नव्हे. परंतु एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राचे वर्तन एकाच राशीवरून सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही गुण देत नाही. म्हणून या वाक्याविरुद्ध लिहावेसे वाटले.

या अलिप्तपणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले ते सिझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता या आजारामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. नसलेले आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असे ठामपणे वाटणे, ही त्याची ठळक लक्षणे. पण काही लक्षणे मुकी असतात. बोलणे आटते, चेहरा निर्विकार होतो, माणसांच्या सहवासातील गोडी जाते. या शेवटच्या लक्षणाची सौम्य छटा पुष्कळ निरोगी माणसांतही दिसते. ती मोजण्यासाठी १९७६ साली अमेरिकेत चॅपमन दांपत्य व रॉलिन यांनी एक प्रश्नावली तयार केली. असल्या प्रश्नावल्या संशोधनासाठी ठीक. शिक्षकांनी त्या वर्गात वाटून मुलांची वर्गवारी करू नये. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला हा आजार असला, तरी शंभरांतल्या सुमारे नव्वदांना तो होत नाही. मग नुसत्या अबोल स्वभावावरून भाकीत कसले करायचे?

आता डोपामीनकडे वळू. या कथेचा एक धागा आपल्याकडचा आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर चालते, हे आयुर्वेदाला ठाऊक होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांवर निबंध लिहिला. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. मग डोपामीन ज्यापासून बनते ते एल-डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले! १९५७ सालच्या या प्रयोगाने डोपामीन हा चेतापेशींमधील स्वतंत्र निरोप्या आहे, या समजुतीचा पाया घातला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे असे दिसले की छिन्नमनस्कतेवरची औषधे डोपामीनचा निरोप स्वीकारणारी स्थाने अडवतात. म्हणजे आजारात डोपामीन कमी नव्हे, तर मेंदूच्या खोल भागात जास्तच तयार होते. प्रतिमाचित्रणानेही तसेच दाखवले आहे. बस स्टँडवरचे वाक्य इथेच लंगडे पडते.

दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. डोपामीन म्हणजे "आनंदाचे रसायन", असे सर्रास लिहिले जाते. १९८९ साली अमेरिकेत केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनी मेंदूतील डोपामीन जवळजवळ नष्ट केलेल्या उंदरांवर प्रयोग केला. असे उंदीर समोरचे अन्नही खात नाहीत. पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले की मिटक्या मारतात. गोडी शाबूत होती. नव्हती ती गोडीकडे धावण्याची ओढ. हवेसे वाटणे निराळे आणि आवडणे निराळे.

आपल्याकडची भरीत पार्टी घ्या. हिवाळ्यात शेतात जायचे, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची. एकाला आदल्या दिवसापासून उत्साह, दुसरा म्हणतो, "मी नाही येत." पण त्याला ओढत नेले, तर पंगतीत बसल्यावर तोही दोनदा भरीत मागून घेतो. छिन्नमनस्कतेच्या पुष्कळ रुग्णांत असेच आढळले आहे : प्रत्यक्ष क्षणीचे सुख फारसे उणे नसते, पुढच्या सुखाची चाहूल मात्र फिकी असते. अलिप्त स्वभावाच्या निरोगी माणसांचे प्रकरण वेगळे. त्यांच्यातल्या काहींना सोबतीचे सुख त्या क्षणीही कमीच वाटते. त्यांच्या मेंदूवरचे प्रयोग अजून एकमुखी नाहीत. रक्त तपासून मेंदूतले डोपामीन कळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

डोपामीन अडवणाऱ्या औषधांनी भास ओसरतात, पण मुक्या लक्षणांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत वेगळ्याच मार्गाने काम करणाऱ्या एका औषधाला मान्यता मिळाली. तरी मुक्या लक्षणांसाठी आज मुख्य आधार आहे तो माणसांचाच.

म्हणून माझे मत असे, की घुम्या मुलाला एकदा विचारून थांबू नये. त्याने "नको" म्हटले तरी पुढच्या वेळी पुन्हा बोलवावे, गर्दीत नव्हे, एकदोघांत. आणि खरोखरच एकांतात रमणाऱ्याला त्याचे पुस्तक वाचू द्यावे. त्यात आजार काही नाही. काळजी करायची ती बदलाची. काल गप्पा मारणारा मुलगा काही महिन्यांत खोलीत कोंडून घेऊ लागला, झोप उडाली, अभ्यास कोसळला, विनाकारण संशय घेऊ लागला, तर भगताकडे नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. उपचार जितके लवकर, तितके बरे.

मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला हा आजार झाल्यावर तो लपवण्याऐवजी त्यांनी त्यावर उघडपणे बोलायला सुरुवात केली. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली आणि पुढे 'देवराई' हा चित्रपट निघाला. खानदेशातल्या शाळांनी तो एकदा आठवी-नववीच्या मुलांना दाखवावा आणि नंतर तासभर प्रश्न विचारू द्यावेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते. शाळेच्या सूचनाफलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी त्याला जागा द्यायला काय हरकत आहे?