काकांच्या माळ्यावरची मराठी

वैजापुरात ज्यांचं डीटीपीचं दुकान किंवा छापखाना वीस-पंचवीस वर्षांपासून चालू आहे, अशा एखाद्या काकांना एकदा विचारून बघा, ‘काका, जुन्या फ्लॉप्या ठेवल्यात का हो?’ आधी ते हसतील. मग म्हणतील, असतील कुठंतरी माळ्यावर, पण आता त्या चालवायच्या कशावर?

प्रश्न बरोबर आहे. पण त्या फ्लॉप्यांत काय आहे, याचाही विचार करायला हवा. तालुक्याच्या गावात मराठी कॉम्प्युटरवर आली ती याच दुकानांतून. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, कॉलेजचे वार्षिकांक, स्थानिक साप्ताहिकं, कुणी पदरमोड करून काढलेला कवितासंग्रह. यातलं बरंचसं नेटवर कधी आलंच नाही आणि छापलेल्या प्रती रद्दीत तरी गेल्या किंवा वाळवीने तरी खाल्ल्या. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं. तुमच्या मोबाइलचा एक फोटो तिच्यात बसणार नाही, पण नुसता मजकूर म्हटला तर अख्खं पुस्तक बसतं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. जॉर्डन मेकनर यांनी तो अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला, १९८९ मध्ये तो बाजारात आला, आणि पुढे त्याचा मूळ सोर्स कोड हरवला तो हरवलाच. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात मागे पडलेला फ्लॉप्यांचा खोका सापडला. जुन्या मशीनची जाण असलेले दोघं मदतीला आले, फ्लॉप्या वाचल्या गेल्या आणि कोड सगळ्यांसाठी नेटवर ठेवला गेला. खोका कुणीतरी टाकून दिला नव्हता, एवढ्यावरच हे सगळं जमलं.

आपल्याकडे मात्र वेळ कमी आहे. फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या चकतीवरचा चुंबकीय थर. उन्हाळ्यात तापलेले पत्रे आणि पावसाळ्यातली ओल त्याला मानवत नाही, बुरशी धरते. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपीचं उत्पादन थांबवलं.

वाचायचं कसं? साडेतीन इंचीसाठी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडं करायचं, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मग एकेक फाइल कॉपी करत बसण्यापेक्षा सगळ्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, घ्यायची. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी चांगलं आहे. खराब जागी ते अडून बसत नाही, पुढचं वाचून घेतं आणि मग मागे वळून पुन्हा प्रयत्न करतं. बुरशी दिसली तर फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका, ड्राइव्हचं हेड खराब होईल आणि पुढची चांगली फ्लॉपीही जाईल. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉप्यांना हा यूएसबी ड्राइव्ह चालत नाही. त्यासाठी जुना ड्राइव्ह शोधून ग्रीझवीझलसारख्या छोट्या बोर्डाला जोडावा लागतो. हा बोर्ड फाइली वाचत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी हे जरूर करून बघावं.

फाइल निघाली, पेजमेकरमध्ये उघडली, आणि पडद्यावर नुसते इंग्रजी अक्षरांचे तुकडे! खरी गंमत इथून सुरू होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये तिची सोय झाली ती विंडोज २००० पासून. तोवर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रत्येकाची चाल वेगळी. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसला की मराठीही नाही.

आणि तुकड्यांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘अर्ज’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये ज च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तोच र म्हणून ज च्या आधी. त्यामुळे नुसतं ‘हे अक्षर काढा, ते घाला’ करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. पायथॉन शिकणाऱ्या सेकंड इयरच्या विद्यार्थ्याला हे अजिबात अवघड नाही. फक्त कुठल्या जागेवर कुठला तुकडा आहे, तो तक्ता हातात हवा.

म्हणूनच आमचं म्हणणं आहे की ज्या कंपन्यांनी हे जुने फॉन्ट विकले, त्यांनी त्यांचे तक्ते आता खुले करावेत. त्यात धंद्याचं गुपित उरलंय तरी किती? आणि काकांच्या खोक्यात त्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या फ्लॉप्या सापडल्या, तर त्यांना आधी हात घाला. सॉफ्टवेअर गेलं तर फाइली असूनही उघडणार नाहीत. त्या काळी प्रिंटरच्या पोर्टला लावायचा एक ‘लॉक’ही काही सॉफ्टवेअरबरोबर यायचा. तो दिसला तर डबी म्हणून फेकू नका.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. दरवर्षी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ नावाचा तोच तो प्रोजेक्ट मागच्या बॅचकडून उचलून जमा होतो, हे सर-मॅडमनाही माहीत असतं. त्यातल्या एका गटाला आपल्याच कॉलेजचे जुने वार्षिकांक फ्लॉपीतून युनिकोडमध्ये आणायला द्या. मार्क त्याच रकान्यात बसतात. सापडेल ते सगळं नेटवर टाकायचं नाही, एवढं भान मात्र ठेवावं लागेल. कुणाच्या बायोडेट्यात पत्ता आणि जन्मतारीख असते, कुणाच्या कवितेवर तिच्या कवीचा हक्क असतो. आधी विचारायचं.

दिवाळीची साफसफाई आली की माळे रिकामे होतात आणि भंगारवाला दारात असतो. त्याच्याआधी काकांकडे जाऊन या. आणि फ्लॉपी घातल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर घाईघाईत ‘यस’ दाबू नका.