अलम्

आमच्या धाकट्या बंधूंच्या खोलींत मोठ्या मेजावर खेळांतील आगगाडी आहे. नातवंडें ती पाहावयास येतात. पण गाडी बहुधा उभीच, कारण तिचें चालकयंत्र बदलणें चालूं असतें. गेल्या महिन्यांत चौथ्या यंत्राचें सूचिपत्र घरांत आलें.

जुन्या पद्धतींत रुळांतील विजेचा दाब वाढविला कीं त्या रुळांवरील सारींच इंजिनें धांवूं लागत. 'डीसीसी' पद्धतींत रुळांतून आज्ञा जाते, व प्रत्येक इंजिनांतील डिकोडर आपल्या क्रमांकाचीच आज्ञा पाळतो. हा फरक खरा. त्यासाठीं केलेला खर्च आम्ही वायफळ म्हणणार नाहीं. पण पुढें काय? वेगाच्या २८ पायऱ्यांच्या १२८ झाल्या, बटणांच्या जागीं मोबाइल आला, गाडी मात्र त्याच वळणावर!

यंत्र नवें असलें म्हणजे टिकाऊ असतेंच असें नाहीं. १९७९ च्या सुमारास इंग्लंडांत निघालेलें 'हॉर्नबी झीरो वन' सोळा इंजिनें चालवी. त्याचे डिकोडर पुढें डीसीसीशीं जुळले नाहींत. उलट डीसीसीचे नियम अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननें प्रसिद्ध केले असल्यानें एका कारखान्याचा डिकोडर दुसऱ्याच्या यंत्रावर चालतो. बंधूंचें यंत्र याच जातीचें.

संस्कृतांत 'अलम्' चतुर्थीसह आलें तर 'समर्थ', तृतीयेसह आलें तर 'पुरे'. आम्ही बंधूंस विचारलें, "नव्या यंत्रावांचून आज नेमकें काय अडतें?" बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "अण्णा, बोगद्यापाशीं इंजिन थबकतें." तेथील रूळ मळले होते. रविवारीं धाकट्या नातवानें ते स्पिरिटच्या बोळ्यानें पुसले, आणि दुपारीं चहा होईपर्यंत गाडी थांबली नाहीं. सूचिपत्र अद्याप खणांत आहे.